‘सगळ्यांसाठी नाही’ म्हणे!

“आत्या, तो पिक्चर तुझ्यासाठी नाही गं. खरं तर तो सगळ्यांसाठीच नाही.”

२०२४ च्या गणपतीत माझ्या भाच्यानं मला हे ऐकवलं. मी लेकीकडे पुण्याला होते. गौरी नुकत्याच गेल्या होत्या, घरात फराळाचे डबे उघडे होते आणि पोरं मोबाईलवर ‘तुंबाड’ची तिकिटं काढत होती. सहा वर्षांपूर्वीचा चित्रपट पुन्हा लागलाय म्हणून एवढी धावपळ कशाला, असं मी विचारलं. त्यावर हे उत्तर. मागून माझ्या जावयांनीही मान डोलावली, “वेगळाच आहे हो तो. मर्यादित प्रेक्षकांचा.”

तेहतीस वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये मराठी आणि इतिहास शिकवला. ‘हे तुझ्यासाठी नाही’ हे वाक्य मी स्वतः इतक्या पोरांना ऐकवलंय की माझ्यावर उलटलेलं ते मला लगेच ओळखू आलं. म्हटलं, माझंही तिकीट काढ. गुडघे दुखले तर दुखले.

तर मंडळी, हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. घरातल्यांना राग येईल. येऊ दे. दिवाळीच्या फराळापर्यंत निवळेल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, क्रिएटिव्ह डायरेक्टर आनंद गांधी. निर्माता आणि नायक सोहम शाह. आमच्या घरातल्या बायकांसाठी सांगते, नायकाची बायको झाली आहे ती अनिता दाते, मालिकेतली आपली राधिका. राही बर्वेंनी या गोष्टीचा पहिला खर्डा लिहिला १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. तिथून चित्रपट पडद्यावर यायला एकवीस वर्षं लागली. निर्माते आले, गेले. पाऊस खरा हवा म्हणून चार पावसाळे चित्रीकरण चाललं. सासवडचा वाडा आहे, कोकण आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ वरून आलं आणि गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. २०१८ च्या व्हेनिस महोत्सवात क्रिटिक्स वीकची सुरुवात याच चित्रपटानं झाली. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी तीन फिल्मफेअर मिळाली.

आणि इकडे आपल्याकडे? तेरा-साडेतेरा कोटी रुपये जमवून तो थिएटरांतून उतरला. त्याच्या मागच्या आठवड्यात ‘अंधाधुन’ आलेला, पुढच्या आठवड्यात ‘बधाई हो’. दोन्हींच्या मध्ये हा बिचारा चेंगरला. लोकांनी शिक्का मारला: वेगळा आहे, पण मर्यादित प्रेक्षकांचा.

मग १३ सप्टेंबर २०२४ ला तोच चित्रपट पुन्हा लागला. तीच दृश्यं, तोच अंधार, तोच पाऊस. या वेळी त्यानं पहिल्या खेपेच्या दुपटीहून जास्त कमाई केली. आता मला सांगा, प्रेक्षक मर्यादित होता की प्रेक्षकापर्यंत जाण्याची मुदत मर्यादित होती? एखाद्या पोराला परीक्षेला पाच मिनिटं द्यायची आणि नापास झाल्यावर ‘याची कुवतच नाही’ म्हणायचं, असला हा निकाल. मी परीक्षक राहिलेली बाई आहे, असले निकाल मला चांगले कळतात.

भाचा म्हणतो, “अगं, मधल्या सहा वर्षांत पोरांनी तो घरी मोबाईलवर पाहिला, एकमेकांना सांगितलं, म्हणून गर्दी झाली.” बरोबर आहे, मान्य. पण हे माझ्याच बाजूचं बोलणं झालं. सांगणारा भेटला की बघणारा तयार होतो. ‘तुझ्यासाठी नाही’ म्हणणारा भेटला की तो घरी बसतो. मी बसले नाही एवढंच. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत कडेवर पोर घेता येईल इतक्या वयाची नातसून घेऊन माझ्याहून म्हाताऱ्या एक आजी बसल्या होत्या. मध्यंतरात त्या मला म्हणाल्या, “आमच्याकडं बी असं सांगायचे, वाड्यात धन आहे म्हणून.” त्यांना कुणी मर्यादित प्रेक्षक म्हणून बोलावलं नव्हतं.

आता दुसरा आक्षेप. तो माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका निवृत्त सरांचा. फार सज्जन माणूस, विवेकवादी, गावोगाव व्याख्यानं देणारा. ते म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका असून भुताखेतांच्या सिनेमाची तरफदारी करता? दाभोलकरांनी याच मातीत जीव दिला.”

या वाक्यानं मी दोन दिवस अस्वस्थ होते, खोटं कशाला बोलू. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत काय आहे ते सरांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाण्याचा साठा शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्यं हा त्यातला एक गुन्हा. म्हणजे गुप्तधनाची हाव ही आपल्याकडे नुसती गोष्टीतली बाब नाही, तिच्यासाठी कायद्यात कलम घालावं लागलंय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मानवतला जे हत्याकांड झालं, ते ऐकून आम्ही तेव्हा रात्री दारं नीट लावून झोपायचो. त्यातही मुळाशी गुप्तधनच होतं असं खटल्यात आलं. लहान मुली मारल्या गेल्या. भूत एकही नव्हतं त्यात, सगळी माणसंच होती.

आणि ‘तुंबाड’ काय सांगतो? पहिल्याच पाटीवर गांधीजींच्या नावानं हावेविषयीचं वचन येतं. मग गोष्ट. सुबत्तेच्या देवीचा पहिला, लाडका मुलगा हस्तर. त्यानं आईचं सगळं सोनं घेतलं आणि धान्यावर हात टाकला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, आपल्या गर्भात ठेवलं, पण अट अशी की त्याची पूजा कधी व्हायची नाही. एका घराण्यानं त्याचं देऊळ बांधलं आणि त्या घराण्याचा नाश सुरू झाला. त्या घरातला विनायक मोठा होऊन दोरानं त्या गर्भात उतरतो, कणकेची बाहुली टाकतो, भुकेला हस्तर तिच्यावर झडप घालतो आणि तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा ओढून घेतो. मूठभर मोहरा. पुन्हा घरी. पुन्हा महिन्या-दोन महिन्यांनी खाली. मग मुलालाही तेच शिकवतो. १९१८, १९३३, १९४७ असे तीन भाग आहेत. देश स्वतंत्र होतो, विनायक होत नाही.

एक सांगते. हस्तर हा देव आपल्या कुठल्याही पुराणात नाही, ती चित्रपटवाल्यांची कल्पना आहे, तेव्हा कुणी पोथ्या उघडून बसू नये. पण सर, मला सांगा, हा चित्रपट बघून कुणाला वाटेल की चला, आपणही वाडा खणू या? उलट, तो बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपल्या मुठीची लाज वाटते. इतिहासाच्या तासाला हावेवर मी जेवढं बोलले त्याचा याच्या निम्माही परिणाम झाला असेल असं मला वाटत नाही.

भीती दाखवणं आणि भीतीवर विश्वास ठेवायला लावणं यांत फरक आहे. आगरकरांपेक्षा कडक विवेकवादी आपल्याकडे कोण झाला? पण त्यांनीच शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ नावानं. ज्या नाटकाची सुरुवातच बापाच्या भुतानं होते ते नाटक! आगरकरांचा भुतावर विश्वास बसला असं काही माझ्या वाचनात आलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते आणि जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

ऐंशीच्या दशकात मी पाथर्डीच्या बाजूला एका शाळेत होते. नाव कशाला हवं. त्या भागातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मुलं आजीपाशी राहायची किंवा मागोमाग जायची. नववीच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. एक दिवस इतिहासाच्या तासाला तो इतका गुंग होऊन वाचत होता की माझा मला आनंद झाला. जवळ गेले तर इतिहासाच्या पुस्तकाच्या आत धारपांचं पुस्तक. वाचनालयाचा शिक्का असलेलं, कोपरे झिजलेलं.

मी ते काढून घेतलं. वर्गासमोर म्हणाले, “असली पुस्तकं तुझ्यासाठी नाहीत.” आणि पुस्तक स्टाफरूमच्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

पुढचं ऐका. संध्याकाळी ते मी घरी नेलं आणि रात्री दोनपर्यंत कंदिलावर वाचलं, कारण वीज गेली होती आणि पुस्तक खाली ठेववत नव्हतं. सकाळी पुन्हा कपाटात. त्या पोरानं दोनदा मागितलं. मी दिलं नाही. वाचनालयाचा दंड त्याला भरावा लागला असणार, कुठून भरला ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्यानं वर्गात पुस्तक आणलं नाही. कुठलंच. दहावीच्या आधी तो तोडीला गेला तो आलाच नाही. तो केवळ माझ्यामुळे गेला असं मी म्हणत नाही, त्याला गरिबी पुरेशी होती. पण पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पुस्तक त्या पोराला सापडलं होतं, आणि तेवढं एक मी बंद केलं. जे मला चाललं ते त्याला का चालणार नव्हतं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

थिएटरात तो अंधार बघताना मला ते कपाट आठवत होतं.

धारपांचं नाव काढलं की आपली शिकलेली मंडळी नाक मुरडतात. म्हणे, इंग्रजीवरून घेतलेलं. हो, घेतलेलं आहे. ‘आजी’च्या मागे स्टीफन किंगची कथा आहे, ‘लुचाई’च्या मागे त्याचीच कादंबरी आहे. पण मग देवलांचा ‘झुंझारराव’ ऑथेल्लोवरून आला म्हणून कुणी तो फेकून दिला का? मोठ्या नाटकानं घेतलं तर रूपांतर आणि धारपांनी घेतलं तर उचलेगिरी, हा कुठला न्याय? धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. तालुक्याच्या वाचनालयात सगळ्यात फाटलेली पुस्तकं कुणाची असायची ते ग्रंथपालाला विचारा. २७ ऑगस्ट २०२५ ला त्यांची जन्मशताब्दी झाली. नेमकी त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्या घरी वीस माणसं जेवायला होती, त्यांतल्या निम्म्यांनी तरी धारप चोरून वाचलेत. मी आठवण काढली तर सगळे असे हसले की जणू मी कुणाची जुनी खोड सांगितली.

म्हणून तिसरा वाद, तो आपला सगळ्यांचा. बीज मराठी कथेचं, नाव मराठी कादंबरीचं, दिग्दर्शक मराठी लेखकाचा मुलगा, जागा कोकणातली आणि पुणे जिल्ह्यातली, माणसं पगडी-धोतरातली आणि नऊवारीतली. चित्रपट मात्र हिंदी! ‘हिंदीवाल्यांनी आपलं पळवलं’ अशी ओरड मी ऐकली. पळवलं कुठलं? आपण दारात टाकलेलं त्यांनी उचललं. रत्नाकर मतकरींनी आयुष्यभर गूढकथा लिहिल्या, त्यांनाही आधी नाटककार म्हणायचं आणि मग हळूच ‘गूढकथाही लिहिल्या’ असं जोडायचं, ही आपली रीत. २०१७ साली ‘लपाछपी’ आला. उसाच्या फडातली गोष्ट, पोटातल्या मुलीला मारणाऱ्यांची गोष्ट. आमच्या भागातल्या बायकांनी तर रांगा लावून बघायला हवा होता. आमच्या घरात तो कुणाला माहीत झाला तो २०२१ साली हिंदीत ‘छोरी’ होऊन आल्यावर!

पैशाचं कारण मला पटतं. एवढा खर्च मराठीत कोण करणार? पण २०१६ च्या ‘सैराट’नं मराठी प्रेक्षक किती जमू शकतो ते दाखवलं होतंच. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे इथं नगरलाच कम्युनिकेशन स्टडीज शिकले. तेव्हा ‘मराठीत प्रेक्षक नाही’ हे निदान नगरच्या माणसानं तरी म्हणू नये.

अहिल्यानगर म्हणायला हवं आता, २०२४ पासून नाव बदललंय. जीभ वळायला वेळ लागेल.

आणि आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. या चित्रपटावर बोलणारी पोरं सोन्याबद्दल बोलतात. मला दिसली ती कणीक.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. राज्यातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा आमचा, चौदा तालुके. उत्तरेत पाट आणि साखर कारखाने, प्रवरानगरला सहकारातला पहिला कारखाना उभा राहिलेला. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर इकडे आभाळाकडे बघत बसायचं. त्या साली विहिरी तळाला गेल्या. रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची. माझ्या आईनं तिच्या पाटल्या मोडल्या. सोन्याच्या दोन पाटल्या, तिच्या आईनं दिलेल्या. त्यांची ज्वारी आली. पोतं घरात आल्यावर आई रडली नाही, तिनं लगेच जात्यावर दळायला घेतलं. मी समोर बसून हात लावला. त्या दिवशी घरात सोनं नव्हतं आणि आम्ही सगळे जेवलो.

हस्तरपाशी सगळं सोनं आहे आणि तो उपाशी आहे. कणकेच्या एका बाहुलीसाठी तो धावत येतो. असला देव रचणाऱ्यानं दुष्काळ पाहिला असेल-नसेल, मला ठाऊक नाही, पण दुष्काळ पाहिलेल्या बाईला त्यात समजण्यासारखं काही नाही असं माझा भाचा कुठल्या तोंडानं म्हणतो?

आणि तो गर्भ! दरवेळी खाली, अजून खाली. आमच्याकडे त्याला बोअर म्हणतात. माझ्या लहानपणी विहिरीला पन्नास फुटांवर पाणी लागलं तर लोक हळहळायचे, फार खोल गेलं म्हणून. मग दोनशे फूट झाले, चारशे, सहाशे. आमच्याच भावकीत एकाच रानात चार बोअर झाल्या, चौथी आठशे फुटांवर गेली तेव्हा बायकोचं डोरलं गहाण होतं. फुफाटा आला, पाणी नाही. मुलगा बापाला म्हणाला, “अजून पन्नास फूट घेऊ.” मी तिथं उभी होते. ‘तुंबाड’मधला विनायकचा पोरगा बापाला जास्त मोठी युक्ती सुचवतो ना, एकेक मोहर कशाला, सगळा लंगोटच काढून घेऊ या, ते दृश्य बघताना मला ती पन्नास फुटं ऐकू आली. कायदा लिहिणाऱ्यांनी गुप्तधन आणि पाणी एकाच कलमात का घातलं ते मला थिएटरात कळलं.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या गावानं शेतीला बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही असं ठरवलं, पडलेल्या पावसाचा जमाखर्च मांडून पिकं ठरवली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण सहली नेतो, मुलांना गाव दाखवतो, फोटो काढतो आणि घरी येऊन बोअरची गाडी बोलावतो. चित्रपटाच्या शेवटी पोरगा बापानं पुढे केलेलं सोनं घेत नाही. एवढं एक ‘नको’ म्हणायला त्या घराण्याला तीन पिढ्या लागल्या. आपल्या घराण्यांचं काय, ते प्रत्येकानं आपापल्या सात-बाऱ्यावर बघावं.

मला चित्रपटातलं सगळं पटलं असं नाही. बायका आहेत पण त्यांना बोलायला फार कमी मिळालंय. विनायकाच्या आईनं एका मोहरेसाठी काय काय सोसलं ते नुसतं दाखवलंय, तिला त्याबद्दल काय वाटतं ते ऐकायला मला आवडलं असतं. काही ठिकाणी किळस जरा जास्त झाली, मी डोळ्यांवर पदर घेतला. चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्राचा आहे, तेव्हा लहान मुलांना दाखवा असं मी म्हणत नाही. वयाची अट वेगळी आणि ‘सगळ्यांसाठी नाही’ वेगळं. वयाची अट कायदा घालतो आणि ती एक दिवस संपते. दुसरी अट आपण घालतो, म्हाताऱ्यांना, खेड्यातल्यांना, मराठी माध्यमातल्यांना, मागच्या बाकावरच्यांना, आणि ती काही संपत नाही.

थिएटरातून बाहेर आल्यावर भाच्यानं विचारलं, “झोपलीस का गं मधे?” मी त्याला विचारलं, “हस्तरला धान्य का मिळू दिलं नाही, सांग.” तो म्हणाला, “तशी स्टोरी आहे.” मग रिक्षात मी त्याला पाटल्यांची गोष्ट सांगितली. त्याच्या आजीची गोष्ट होती ती, त्याला कुणी सांगितलीच नव्हती. घरापर्यंत तो गप्प होता.

असो. फार लांबलं. शेवटी एकच.

धारपांच्या शताब्दीनंतर मी पेन्शनमधून त्यांची पाच पुस्तकं विकत घेतली आणि एका शाळेच्या वाचनालयाला भेट दिली. मुख्याध्यापक माझ्या हाताखाली शिकलेले. त्यांनी चहा पाजला, पुस्तकं चाळली आणि म्हणाले, “बाई, तुमचं मन मोडवत नाही. पण ही मुलांसाठी योग्य वाटत नाहीत. सध्या कपाटात ठेवतो.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

पुस्तकं कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. येत्या सोमवारी मी पुन्हा शाळेत जाणार आहे, किल्ली मागायला.